०डब्ल्यू-२० की २०डब्ल्यू-५०? आणि सर्व्हिसच्या बिलाचं काय करायचं?

विश्रामबागकर

मंडळी, गाडीच्या वार्षिक सर्व्हिसचं बिल आलंय, ९,४०० रुपये. गाडी २०१९ची, पेट्रोल, १.२ लिटर, बीएस४. गाडीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सांगलीत लगेच ओळखतील आणि मला कदाचित परत तिथंच जावं लागेल.

बिल असं: इंजिन ऑइल २,१४०, ऑइल फिल्टर १३५, एअर फिल्टर ३९०, इंजिन फ्लश ६९०, इंजेक्टर क्लीनिंग १,१८०, एसी ट्रीटमेंट ९९०, अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,२५०, इंटिरियर पॉलिश १,१५०, लेबर १,४७५. सगळं टॅक्स धरून.

वॉरंटी केव्हाच संपली. म्हणून माधवनगर रोडच्या एका गॅरेजवाल्याशी बोललो. तो म्हणाला पुढच्या वेळी माझ्याकडं आणा, निम्म्यात करून देतो. पण तो २०डब्ल्यू-५० ग्रेडचं जाड तेल घालणार. "कंपनीचं तेल पाण्यासारखं असतंय, आपल्या सांगलीच्या उन्हात टिकत न्हाई. जाड घाला, इंजिन गप्प चालतंय." गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० लिहिलंय. ऐकायचं कुणाचं?

उगाच_एक

इंटिरियर पॉलिश ११५०? सीटवर बसून आरतीही म्हटली असेल त्यांनी.

विश्रामबागकर

डॅशबोर्ड इतका चकचकीत केलाय की दुपारी समोरच्या काचेत रस्त्याऐवजी डॅशबोर्डच दिसतो. आता तो पुसायला वेगळे पैसे.

जुना_पाना

ऐकायचं पुस्तकाचं. पण का ते सांगतो, नाहीतर पुढच्या गॅरेजवाल्यापुढं परत डळमळाल. माझं आयुष्य पंप आणि बेअरिंगमध्ये गेलंय, त्यामुळं जरा लांबण लागेल.

बाहेर ४१ अंश असो की १५, तापलेल्या इंजिनाचं कूलंट थर्मोस्टॅट ९० अंशांच्या आसपासच धरून ठेवतो. तेल त्याच घरात, थोडं वरच. म्हणजे गाडी चालू असताना सांगलीचं ऊन तेलापर्यंत फारसं पोचतच नाही. म्हणूनच ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशांवर मोजून ठरवतात. २० ग्रेडचं तेल त्या तापमानाला ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) असतं, ३० चं ९.३ ते १२.५, ४० चं १२.५ ते १६.३ आणि ५० चं १६.३ ते २१.९. गॅरेजवाला तुमच्या इंजिनात दुपटीइतकं घट्ट तेल ओतणार आहे.

क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये असते आणि ती पातळ तेल धरून ठेवलेली असते. वर कॅमशाफ्ट पुढंमागं सरकवणारी व्हीव्हीटीची यंत्रणा तेलाच्या दाबावरच चालते, तिच्या वाटा बारीक. जाड तेल आलं की पंपाचा दाब वाढतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं तेल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत पडतं. दाब जास्त दिसला तरी तेल जास्त पोचत नाही. मायलेज मात्र पडतं.

इंजिन गप्प चालतं हे तो खोटं सांगत नाही. टॅपेटचा टकटक आवाज जाड तेलानं दबतो, गिऱ्हाईक खूश. पण तो सकाळी सेल्फ मारल्यावरच्या पहिल्या दोन-चार सेकंदांचा विचार करत नाही. रात्रभरात तेल खाली उतरलेलं असतं आणि ते वर कॅमपर्यंत लवकर चढायला हवं. ग्रेडमधला पहिला आकडा त्यासाठी. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. आता कुणी म्हणेल, वेण्णा लेकवर दव गोठतं त्या दिवशीसुद्धा उणे पंधरा होत नाही, मग आपल्याला काय फरक? फरक पडतो. २० अंशांच्या सकाळीही ०डब्ल्यू आधी पोचतं.

एक सवलत आहे. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात तापमानाप्रमाणे चालणाऱ्या ग्रेडचा तक्ता असतो, त्यात ५डब्ल्यू-३० सुद्धा दिलेलं असतं. तुमच्यात असेल तर ते बिनधास्त घाला. गाडी जुनी होऊन तेल खायला लागली की त्याच तक्त्यात एक पायरी वर जायचं. तक्त्याबाहेर नाही.

कासपठार

काकांना +१. मी साताऱ्याची, आठवड्यातून एकदा तरी यवतेश्वराचा घाट चढते, पुस्तकातलंच तेल आहे, घाटात काही बिघडलेलं नाही.

विश्रामबागकर, तुमच्या बिलाकडे येऊ. फ्लश, इंजेक्टर, एसी ट्रीटमेंट, पॉलिश या चारांचे ४,०१० होतात. यातलं पुस्तकाच्या सर्व्हिस तक्त्यात एक तरी आहे का बघा. वेळेवर तेल बदललेल्या इंजिनाला फ्लश कशासाठी? आणि ज्या इंजिनात खरोखर चिखल साचलाय, तिथं तर फ्लशनं तो सुटून तेलाची जाळी चोंदू शकते. इंजेक्टर, गाडी झटके देत नसेल, मायलेज पडलं नसेल तर हात लावू नका. एसी ट्रीटमेंट म्हणजे व्हेंटमध्ये मारलेला फेसाचा डबा. वास येत असेल तर आधी केबिन फिल्टर काढून बघा.

तो तर घरी बदलता येतो. ग्लव्ह बॉक्स रिकामा करायचा, दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो, मागं आडवं झाकण दिसतं, क्लिप दाबून ओढलं की फिल्टर बाहेर. फिल्टरच्या कडेला बाण असतो, तो जुन्याचा जसा होता तसाच नव्याचा. माझ्या फिल्टरमधून गुलमोहराची पानं, शेंगदाण्याची टरफलं आणि उंदरानं कुरतडलेला कापूस निघाला. शेंगदाणे आमच्या घरचे नव्हते.

जॉब कार्डवर सही करायच्या आधी एवढं लिहून घ्या: "नियमित सर्व्हिस. फोन करून विचारल्याशिवाय जादा काम करू नये." ॲडव्हायझर चेहरा पाडतो, पण लिहितो.

कुपवाडी_फिटर

जुना पाना काकांचं बरोबर हाय. पर गॅरेजवाल्याला लई शिव्या घालू नका राव. दुकानात २०डब्ल्यू-५० चा बॅरल असतोय, जुन्या गाड्यांना त्योच लागायचा. गिऱ्हाईक म्हणतंय स्वस्तात करा, मग बॅरलमधनं भरतोय. तुमी डबा घिऊन आला तर आमी त्योच घालतोय की.

डबा घेताना ब्रँड कुठला बी घ्या, डब्याच्या मागं बारीक अक्षरं वाचा. पेट्रोलला एपीआय एसपी, एपीआय म्हंजे तेलाचा दर्जा. सर्वो, मॅक, एचपी ही सरकारी कंपन्यांची तेलं पंपावर मिळत्यात, ग्रेड आन एपीआय जुळलं तर परदेशी नावाला जादा पैशे द्यायची गरज न्हाई. जाहिरातीचे पैशे कशाला भरायचे?

आता खरी गोष्ट. डुप्लिकेट. भंगारवाला ब्रँडेड तेलाचा चांगला रिकामा डबा बुचासकट जादा भावानं घेतोय. का घेत असंल? म्हणून सील तुमच्या डोळ्यासमोर तोडायला लावा. तेल भरून झालं की रिकाम्या डब्याला स्क्रू ड्रायव्हरनं भोक पाडा आन मगच टाका. माझ्या गॅरेजात मीच पाडतो.

आन तेल घालताना हुबं ऱ्हावा. चेंबरचा नट आधी हातानं फिरवायचा, मग पाना लावायचा. चेंबर ॲल्युमिनियमचं, पोरानं उलट्या आट्यात नट बसवला की आटे गेले. नटाचं वायसर दर वेळी नवं, धा-वीस रुपयाचं असतंय. फिल्टरच्या रबराला बोटानं तेल लावायचं, फिल्टर हातानंच आवळायचा, रबर टेकलं की पाऊण आटा. चेन पान्यानं आवळणारा फिटर दिसला तर गाडी काढून घ्या.

विश्रामबागकर

एसपी म्हणजे एसएन पेक्षा भारी का? जुन्या डब्यावर एसएन होतं.

जुना_पाना

एसपी मे २०२० पासून आलं. नवं जुन्याच्या जागी चालतं, उलट करू नका. पुस्तकात एसएन असेल तर एसपी घालायला हरकत नाही. आणि एस म्हणजे पेट्रोलची मालिका, सी म्हणजे डिझेलची, एवढं लक्षात ठेवलं तरी दुकानात फसवणूक होत नाही.

फिटरभाऊंच्या भोक पाडण्याला माझा टाळ्यांचा प्रतिसाद.

विट्याचा_डिझेलवाला

माझा वेगळा प्रश्न. आमची २०२१ची बीएस६ डिझेल एसयूव्ही. घरी ट्रॅक्टरसाठी १५डब्ल्यू-४० ची २० लिटरची बादली कायम असते, सीआय-४. लिटरमागं लई स्वस्त पडतंय. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३ (युरोपचा दर्जा) लिहिलंय. डिझेल ते डिझेल. बादलीतलं घालू का?

कुपवाडी_फिटर

पाव्हणं, नका घालू. ट्रॅक्टर सोडा, ह्या गाडीच्या सायलेन्सरात डीपीएफ हाय, म्हंजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यो चोंदला की जेवढं बिल येतंय त्येवढ्यात ट्रॅक्टरचं वर्षाचं तेल येईल.

जुना_पाना

कारण राख. तेलातल्या धातूंच्या ॲडिटिव्हची जळून राख होते. सी३ तेलात सल्फेटेड ॲश ०.८ टक्क्यांच्या आत ठेवलेली असते, ट्रॅक्टरच्या सीआय-४ तेलात सहसा त्याहून जास्त. डीपीएफ काजळी जाळू शकतो, रिजनरेशन म्हणतात ते हेच. राख जळत नाही, ती आतच साचत जाते. ट्रॅक्टरला जुन्या धाटणीचं इंजिन असेल तर त्याला बादलीच उत्तम, तिथं सी३ घालणं म्हणजे उगाच खर्च.

विट्याचा_डिझेलवाला

बरं झालं विचारलं. आता दुसरं. परवा पट्टी काढून बघितली तर तेल मॅक्सच्या वर. सर्व्हिस सेंटरनं जादा भरलं असं वाटलं होतं, पण सर्व्हिसनंतर मी बघितलं तेव्हा मधोमध होतं. तेल वाढतंय कसं?

जुना_पाना

गाडी दिवसभर कुठं कुठं जाते?

विट्याचा_डिझेलवाला

घर ते मळा, तीन किलोमीटर. मळा ते डेअरी. परत घर.

जुना_पाना

तिथंच आहे. डीपीएफ काजळी जाळायला घेतो तेव्हा इंजिन थोडं जास्तीचं डिझेल आत सोडतं, म्हणजे सायलेन्सर तापावा. तेवढ्यात तुम्ही मळ्यात पोचून चावी काढता. जळण अर्धवट राहतं, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. रोज असं झालं की पट्टीवरची पातळी चढते. पट्टीचं तेल बोटावर घ्या, डिझेलचा वास येईल आणि ते नेहमीपेक्षा पातळ लागेल. मॅक्सच्या वर गेलंय म्हणजे बदलायचं, मुदतीची वाट बघू नका. आणि आठवड्याला एकदा विटा-कराड मारून या, रस्ता मोकळा असताना एका वेगात वीसेक मिनिटं. डॅशबोर्डावर डीपीएफचा दिवा लागला असेल तर तो विझेपर्यंत गाडी बंद करू नका.

तेल काळं झालं म्हणून मात्र घाबरू नका. डिझेल गाडीत नवं तेल दोन दिवसांत काळं होतं, ते काजळी धरून ठेवतंय एवढाच त्याचा अर्थ.

विट्याचा_डिझेलवाला

वास आला. डिझेलचाच. कराडला जाऊन येतो, सासुरवाडी पण तिकडंच आहे.

उगाच_एक

डीपीएफनं जोडले संसार.

मिरजेचे_गुरुजी

माझी गाडी पेट्रोल, वर्षाला दोन-अडीच हजार किलोमीटर. सांगलीला दवाखाना, आणि पौर्णिमेला नरसोबाची वाडी. पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष लिहिलंय. दर वर्षी जवळजवळ नवं तेल काढून टाकायला जीवावर येतं. १०,००० होईपर्यंत थांबलं तर?

उगाच_एक

गुरुजी, सिंथेटिक असेल तर दोन वर्षं सहज. बाहेर देशात लोक ढकलतातच.

जुना_पाना

बाहेर देशात ते पाच किलोमीटरसाठी गाडी काढून परत दारात लावत नाहीत. गुरुजी, छोट्या फेऱ्या तेलाला सगळ्यात वाईट. इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळं जळणातून तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल तेलातच राहतं. वाडीची फेरी त्यातल्या त्यात चांगली, तेल तापून ते उडून जातं. तरीही वर्षाला बदलाच. पुस्तकात छोट्या फेऱ्या, धूळ, घाट यांना कठीण वापर म्हणून वेगळं पान असतं आणि तिथली मुदत कमी असते. पैसे वाचवायचे तर तीन-साडेतीन लिटर तेलात नका वाचवू, लेबरमध्ये वाचवा.

मिरजेचे_गुरुजी

समजलं. म्हणजे वाडीला अमावस्येलाही जावं.

कुपवाडी_फिटर

गुरुजी, तुमी डबा आन फिल्टर घिऊन या. तुमच्यासारख्या गाडीचं लेबर माझ्याकडं ३५० हाय. आन ब्रेक ऑइल कधी बदललंय? ते हवेतलं पाणी ओढतंय, घाटात ब्रेक तापला की पॅडल खाली बसतंय. दोन वर्साला बदला. तिथं कंजुषी नको. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका, आपल्याकडचं पाणी जड, रेडिएटर आतनं पांढरा होतोय. तयार कूलंट घ्या.

कासपठार

एअर फिल्टरबद्दल राहिलं. तो दर सर्व्हिसला बदलायची गरज बहुतेक गाड्यांना नसते, साफ करायचा असतो आणि बदलायची मुदत पुस्तकात बरीच पुढची असते. हवा आतून बाहेर मारायची, बाहेरून आत मारली तर धूळ कागदात अजून घट्ट बसते. पण गळीत हंगामात तासगाव रोडनं उसाच्या ट्रॉल्यांमागून रोज जाणाऱ्यानं पुस्तकाची वाट बघू नये.

आणि सुटे भाग घेताना: २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के झालाय, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. जुन्या छापील किमतीचं खोकं कुणी त्याच भावानं देत असेल तर तोंड उघडून विचारा. इंजिन ऑइलवर आधीपासून १८ च आहे, तिथं वाद घालू नका.

विश्रामबागकर

बायको विचारते, बाहेर सर्व्हिस केली तर वॉरंटी जाते ना? तिची गाडी नवी आहे.

कासपठार

वॉरंटीत असेपर्यंत अधिकृत ठिकाणीच न्या, जादा कामं तेवढी नाकारा. तत्त्वाची बाजू ग्राहकाकडे आहे. स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोकला होता, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू न दिल्याबद्दल. पण इंजिनचा क्लेम अडला तर आयोगाचा निकाल हातात धरून काउंटरवर भांडायला वहिनींना वेळ आहे का? वॉरंटी संपली की मग फिटरभाऊ आहेतच. बिलं मात्र जपून ठेवा, तेलाच्या डब्याच्या बॅच नंबरचा फोटोसुद्धा. गाडी विकताना उपयोगी पडतात.

आयर्विन_४५

थोडं अवांतर, पण तेलाचंच आहे. पुराच्या भागातले लोक हा धागा वाचत असतील म्हणून लिहितो. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या गल्लीतल्या गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी पहिलं काय केलं असेल तर सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. जी गाडी तेल-फिल्टर बदलून, वायरिंग वाळवून उभी राहिली असती तिचं इंजिन खोलावं लागलं.

बुडालेल्या गाडीची बॅटरीची वायर काढा, चावी लावूच नका. पट्टी बघा. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. टो करूनच न्यायची. आणि पॉलिसी बघा. पुराचं नुकसान सर्वसमावेशक विम्यात येतं, पण पाण्यात सेल्फ मारून गेलेलं इंजिन सहसा येत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका. आमच्याकडे ४० ला गाड्या वर हलवायच्या असं ठरलंय. वर म्हणजे विश्रामबाग. धागाकर्ते, पावसाळ्यात तुमच्या गेटसमोर अनोळखी गाड्या दिसल्या तर आमच्या समजा.

विश्रामबागकर

लावा की. फक्त गेट अडवू नका.

मी ठरवलंय: ०डब्ल्यू-२०, एपीआय एसपी, पंपावरून. फिल्टर कंपनीचा. काम कुपवाडात. फिटरभाऊ, जुनं काढलेलं काळं तेल मला न्यायला मिळेल का? घराचं सेंट्रिंग चालू आहे, मिस्त्री प्लेटांना लावायला मागतोय.

कुपवाडी_फिटर

देत न्हाई. आधी देत हुतो. आता मापानं ड्रममध्ये भरतो, परवानावाला येऊन घिऊन जातो आन पैशे बी देतो. सेंट्रिंगवरचं काळं तेल पावसात सगळं मातीत आन गटारीत जातंय, शेवटी कृष्णेतच. सेंट्रिंगचं वेगळं तेल मिळतंय गणपती पेठेत, ते आणा.

कुणी घरी तेल बदललं असंल तर त्या जुन्या डब्यातच भरून आणून द्या, मी ड्रममध्ये वततो. फक्त त्यात कूलंट नाय तर पेट्रोल मिसळू नका, ड्रमच्या ड्रम परत येतोय. रविवारी दुपारी दोनपर्यंत गॅरेज उघडं.